खालच्याचं गाणं

विहीर खोदणाऱ्याला गावं लागतं. सुरात नाही आलं तरी चालतं, पण थांबून चालत नाही. माझा दादा रेड्यासारखा गातो, त्याला सूर म्हणजे काय ते आजवर कळलेलं नाही, आणि तरी तो अजून जिवंत आहे. चांगले चांगले गळेवाले गेले.

खालची हवा कधी कधी जड होते. तिला वास नाही, रंग नाही. माणूस कुदळ मारता मारता खाली बसतो, बसल्या बसल्या पेंगतो, आणि ती झोप मोडत नाही. म्हणून खालच्याने गात राहायचं आणि वरच्याने दोर हातात धरून ऐकत राहायचं. गाणं तुटलं की ओढायचं. हाका मारायच्या नाहीत, वाकून बघायचं नाही, नुसतं ओढायचं. आमच्याकडे दोर माझ्या हातात असतो. सासरहून परत आले तेव्हापासून मी दादाच्या घरी खाते ते या दोन तळव्यांच्या जोरावर, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. वहिनीलाही मी हे अधूनमधून ऐकवते.

आमच्या धंद्यात प्रत्येकाचं गाणं वेगळं. एक माणूस, एक गाणं. माणूस खाली असताना त्याचं गाणं वर कुणी गुणगुणायचंसुद्धा नाही, कारण दोर धरणाऱ्याचा कान फसतो. आणि गाण्याची शेवटची ओळ खाली म्हणायची नाही. ती वर येऊन पाय जमिनीला लागले की म्हणायची. आमच्या आबांची शेवटची ओळ होती, 'आलो वर मी, बघा मला, आहे ना मी सगळा?' त्यावर दोरवाल्याने म्हणायचं, 'सगळा आहेस.' मग तो पाणी प्यायचा. उत्तर मिळाल्याशिवाय पाणी तोंडाला लावायचा नाही.

आबा म्हणजे माझे आणि दादाचे वडील. आमच्याच घरामागच्या विहिरीत कड ढासळली आणि ते खाली राहिले. काढता आलं नाही. वर दगडी फरशी टाकली, कडेने चुना भरला आणि विषय संपवला. आबांची शेवटची ओळ तेवढी म्हणायची राहिली. मेलेल्याचं गाणं घरात म्हणत नाहीत, त्यामुळे दादाने आणि मी ते गिळून टाकलं. वहिनीनेसुद्धा ते कधी ऐकलं नव्हतं.

मग टिटवी झाली. दादाची मुलगी. रात्रंदिवस टी टी टी करून रडायची म्हणून मीच हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं. बोलायला लागली तशी दिवसभर त्या फरशीवर पालथी पडून असायची, गार लागतं म्हणून. एकदा मी कपडे वाळत घालत होते आणि ती तिथे पडल्या पडल्या गायला लागली:

'दगडा दगडा, सरक जरा, मला जायचंय खाली,
तुझ्या पोटी पाणी आहे, त्याची सय आली.'

शब्द तिचे होते. चाल आबांची होती. माझ्या हातातलं ओलं लुगडं मातीत पडलं. मी दादाला हाक मारली, तो आला, दोघंही उभे राहिलो. पोरगी गात गात शेवटाला आली, आणि शेवटची ओळ तर शब्दाला शब्द आबांची निघाली. मग मान वर करून आमच्याकडे बघत राहिली. जणू आम्ही काहीतरी म्हणायचं होतं.

"कुणी शिकवलं तुला?" दादाने विचारलं.

"खालचे म्हणतात," ती म्हणाली. "पण शेवटची ओळ म्हणत नाहीत. नुसती सांगतात."

दादाने त्यावर बराच विचार केला. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं जुनं गाणं सोडून हेच म्हणायला लागला. मला म्हणाला, "माझ्या तोंडी राहू दे. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडी जायचं नाही." त्याला 'सरक'वर सूर कधी जमला नाही. तिथे तो दर वेळी घसरायचा, आणि मला वर दोर धरून हसू यायचं.

टिटवी मोठी झाली ती गाणी करतच. तिच्या गाण्यांना चाल लागायची ती त्या फरशीवर कान ठेवून. वहिनीला त्याचं कौतुक आणि मला धास्ती. पहिल्यांदा टीव्हीच्या स्पर्धेला गेली तेव्हा लोकांची गाणी म्हणाली आणि तिसऱ्या फेरीत घरी आली. परीक्षक म्हणाले, गळ्यात रस्त्याची धूळ आहे. ते वाक्य अख्ख्या देशाने ऐकलं. गावात आठवडाभर पोरं तिला बघून मुद्दाम खोकायची. ती दादाबरोबर कामाला आली आणि मातीची टोपली ओढत राहिली.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी दुसऱ्या एका चॅनेलची स्पर्धा निघाली. तिथे स्वतःचं गाणं चालत होतं. हिने फरशीवर ऐकलेलं एक गाणं म्हटलं आणि परीक्षक खुर्चीत सरळ बसले. एकाने विचारलं, "अशा चाली आणतेस तरी कुठून?" आम्ही सगळे घरात टीव्हीसमोर होतो. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमच्या आडात होतं.

तिचा मुक्काम तिकडेच पडला. वहिनी घरोघरी हिंडून मतं मागायला लागली. आलागेला प्रत्येकजण चहा पिऊन जायचा आणि फोनवर बटण दाबायचा. जी वहिनी साखर चमच्याने मोजते, तिने डबे रिकामे केले. मी म्हटलं, "वहिनी, चहाच्या पाण्यासाठी तरी एक विहीर खोदायला सांगूया दादाला." ती हसली नाही. तिच्या पोरीचं नाव लोक चांगल्या अर्थाने घ्यायला लागले होते, आणि तिला ते पुरत नव्हतं.

एकदा भर दुपारी टिटवीचा फोन मला आला. आईला नाही, मला.

"आत्या, इथे काही ऐकू येत नाही गं. जमिनीला कान लावला तरी नुसती मशिनची घरघर. दोन दिवसांत नवं गाणं द्यायचंय."

"मग मी काय करू? मला गाता येतं का?"

"फोन फरशीवर ठेव. आणि तू जरा लांब जा."

मी तिला चार शब्द सुनावले. पण पोरीच्या आवाजात जे होतं ते ऐकून पाय आपोआप मागच्या दारी गेले. फोन फरशीवर ठेवला आणि दूर जाऊन उभी राहिले. ऊन रणरणत होतं. मला काहीएक ऐकू आलं नाही. पण फरशीवरच्या मुंग्यांची रांग फोनला वळसा घालायची सोडून मध्येच थांबली, थांबूनच राहिली. बऱ्याच वेळाने मी फोन उचलला तर तो बर्फासारखा गार होता. पलीकडून टिटवी म्हणाली, "झालं. मिळालं." त्या शनिवारी ती गायली आणि परीक्षक बाईंनी डोळे पुसले. त्यानंतर दर आठवड्याला हेच. मी फोन ठेवायचे, लांब जायचे, आणि रात्री जेवण जायचं नाही.

असं करत करत पोरगी शेवटच्या तिघांत गेली. फरशीखालून मिळालेली बाकीची म्हणून झाली होती आणि आता म्हणायला एकच गाणं उरलं होतं, ते पहिलं, दगडाचं. तिने ते अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीत म्हटलं, पण शेवटची ओळ सोडून. परीक्षकांना ते खटकलं. "गाणं अर्धवट वाटतं," ते म्हणाले, "अंतिम फेरीत पूर्ण करून आण." तरी ते गाणं असं पसरलं की काही विचारू नका. ज्याच्या त्याच्या फोनची रिंग तीच. दूधवाला म्हणतोय, शाळेची पोरं म्हणताहेत.

आणि इकडे दादा मळेवाल्याच्या विहिरीत उतरलेला. पाणी खोल गेलं होतं, मळेवाला रोज काठावर येऊन घड्याळ बघायचा. मी दोर धरायचे आणि चारी बाजूंनी गाणं यायचं. खालून दादाचं, बांधावरून कुणाचं, रस्त्यावरच्या गाडीतून कुणाचं. एकदा खालचं तुटलं आणि मला कळलंच नाही. दादा नुसता खोकल्याने थांबला होता म्हणून वाचलो. त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला सांगितलं.

"दादा, गाणं बदल. माझा कान आता मला परका झालाय."

"या वयात नवीन गाणं अंगाला लागत नाही. खाली मी गात नाही, दमच गातो."

"मग ती स्पर्धा संपेपर्यंत खाली जाऊ नकोस."

"आणि मळेवाल्याला काय सांगू? पोरगी टीव्हीवर आहे म्हणून तुझी विहीर कोरडी?"

माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि त्याच आठवड्यात चॅनेलची बाई येऊन थडकली.

गाडीभर माणसं घेऊन आली होती. तिने घर पाहिलं, आम्हाला पाहिलं, आणि तिला आम्ही पुरेसे गरीब वाटलो नाही. वहिनीने ठेवणीतली साडी नेसली होती, ती बदलायला लावली. दादा आंघोळ करून, दाढी करून बसला होता. त्याच्या अंगाला त्यांच्या एका माणसाने ब्रशने माती लावली. रोज मातीत लोळणाऱ्या माणसाला बाटलीतली माती. दादा हात पसरून उभा राहिला, लहान मुलासारखा. मी बघत नाही असं दाखवलं.

मग त्या बाईने बेत सांगितला. अंतिम फेरी थेट दाखवणार. टिटवी तिकडे स्टेजवर गाणार, दादा इकडे विहिरीत उतरून तेच गाणार, दोघांचे आवाज जुळवणार. दादाला ऐकू यावं म्हणून काठावर मोठा स्पीकर, दादाचा आवाज जावा म्हणून आत माईक. शेवटची ओळ बाप-लेकीने एकदम म्हणायची.

"नाही," मी म्हटलं.

बाईने माझ्याकडे असं पाहिलं जसं बैलाने काही म्हटलं असावं. मी तिला समजावलं. खालच्याचं गाणं वर म्हणत नाहीत. शेवटची ओळ खाली म्हणत नाहीत. हवा जड असते.

"किती सुंदर," ती म्हणाली. "हेच तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोला ना."

वहिनी माझ्या अंगावर आली. "तुमच्यामुळे माझ्या पोरीची मतं जातील. आयुष्यभर दोर धरलात तर काय आम्हालाही बांधून ठेवणार?" दादा खाली बघून म्हणाला, "एका गाण्यापुरतं तर जायचंय. शेवटची ओळ मी नाही म्हणणार. तू दोर धर म्हणजे झालं." त्याला पोरीबरोबर गायचं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. आयुष्यात त्याला कुणी गायला बोलावलं नव्हतं.

सूर्य मावळायच्या वेळेला मळेवाल्याच्या विहिरीवर सगळं गाव जमलं. मळेवाल्याने विहिरीचं चाक रंगवून घेतलं होतं. दादा उतरला. दोर माझ्या तळव्यांतून सरकत गेला आणि खाली पाय टेकल्याचा झटका आला. काठावर लावलेल्या पडद्यावर टिटवी दिसली. तिला चकचकीत कपडे घातले होते आणि विहिरीतलं ऐकू यावं म्हणून कानात काहीतरी खुपसलं होतं. ती सुरू झाली, स्पीकर सुरू झाला, खालून दादा सुरू झाला.

'दगडा दगडा, सरक जरा.' दादा नेहमीसारखा घसरला. लोक कौतुकाने हसले. वहिनीने पदर तोंडाला लावला. मलाही नेहमीसारखं हसू आलं.

दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा ती ओळ आली. दोन्ही आवाज बरोबर. खालचा आवाज भरदार, खणखणीत. लोकांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, पण वेगळा. 'सरक'वर तो घसरला नव्हता.

"बंद करा ते," मी ओरडले. स्पीकर इतका मोठा होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. साउंडवाल्याने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. मी दोर ताणला, पण चॅनेलची दोन माणसं कॅमेऱ्यापुढे माझ्या हाताला धरून म्हणाली, आत्ता नको, गाणं चाललंय ना खाली. चाललं होतं. तेच तर.

आणि पडद्यावर टिटवी थांबली.

ओळीच्या मध्येच थांबली, तोंड उघडं ठेवून. वाजवणारे दोन-चार ताल पुढे गेले आणि चाचपडत थांबले. तिने कानातलं हाताने दाबून धरलं. तिला माहीत होतं आपण गप्प झालो म्हणजे घराघरांतून मतं जाणार. तिला हेही माहीत होतं की ती गप्प झाली तरच मला ऐकू येणार. स्पीकर मुका झाला. विहिरीवर इतकं शांत झालं की चाकावरचा नवा रंग तडकलेला ऐकू आला.

खाली दादा गात नव्हता.

मी माणसांना कोपराने ढकललं आणि ओढायला लागले. बेशुद्ध माणूस दगडापेक्षा जड असतो. वहिनी धावत आली, दोराला लटकली, तरी दोर जेमतेम हलत होता. "धरा की रे कुणीतरी," ती म्हणत होती, पण गाव पुतळ्यासारखं उभं होतं, कारण विहिरीतून आवाज यायला लागला होता. पुरुषाचा. म्हातारा, स्वच्छ. तो हळूहळू वर वर येत होता, दोराच्या पुढे पुढे. आणि अगदी काठाशी, माझ्या गुडघ्यांपाशी येऊन म्हणाला:

'आलो वर मी, बघा मला, आहे ना मी सगळा?'

मी उत्तर द्यायला हवं होतं. दोर माझ्या हातात होता. पण मी नुसता दोर धरून राहिले. तो आवाज मी लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून ऐकला होता. मग स्पीकरमधून टिटवी बोलली, सगळ्या देशासमोर, अगदी साध्या आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तशी.

"सगळे आहात, आजोबा."

दोर हलका झाला. इतका हलका की मी आणि वहिनी मागे पडता पडता राहिलो. आम्ही ओढत नव्हतो, नुसते हात फिरवत होतो, आणि दादा वर आला. मान लुळी, ओठ निळे, बाटलीतली माती तशीच. मी त्याला पालथा घातला आणि पाठीवर बुक्क्या मारल्या. तो ओकला आणि श्वास घेतला. वहिनी त्याच्या पायांवर पडून रडली, आणि रडता रडता माझा हात तिने धरला तो सोडला नाही.

पडद्यावर तोवर जाहिराती लागल्या होत्या.

चॅनेलवाले म्हणाले, विहिरीत आवाज आपटून उशिरा परत येतो, त्याला शास्त्र आहे. असेल. बक्षीस केसांना तेलासारखं काहीतरी लावलेल्या एका मुलाला मिळालं. टिटवीबद्दल लोक म्हणाले, ताणाने पोरीचं डोकं फिरलं, भर कार्यक्रमात आजोबांशी बोलली. ती बसने घरी आली. चकचकीत कपडे त्यांनी परत घेतले होते.

दादाला बोलता यायला लागलं तेव्हा तिने त्याला विचारलं, "बाबा, गायचं का थांबलात?"

दादा ओशाळला. "पहिलं कडवं म्हटलं. मग तुझा आवाज ऐकला वरून. इतकं छान म्हणत होतीस, म्हटलं जरा बसून ऐकू."

टिटवी उठून मागच्या दारी गेली. मी पाठोपाठ गेले. ती फरशीवर पालथी पडली होती, लहानपणी पडायची तशी. बराच वेळ कान लावून होती. मग उठून बसली.

"रिकामी आहे, आत्या," ती म्हणाली. "काही नाही आता." आणि ढसाढसा रडली. स्पर्धा हरल्याचं ती रडली नव्हती, ते सगळं आत्ता रडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. दुसरं काय करणार? बाप वाचला होता आणि गाणी संपली होती, आणि यातलं एक मागायला गेलं तर दुसरं हातातून जाणार हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तिथे त्या दिव्यांखाली, उघड्या तोंडाने उभी असतानाच.

चॅनेलच्या बाईचा मध्यंतरी फोन आला. नवा कार्यक्रम निघतोय, लोक तिला विसरले नाहीत, फक्त एक नवं गाणं हवं. टिटवी म्हणाली, "आमच्या आडात नाही." बाईला काही कळलं नाही. तिने नंतर पुन्हा फोन केला नाही.

मळेवाल्याच्या विहिरीला अजून पाणी लागलेलं नाही, आणि पोटाला सुट्टी नसते. गेल्या सोमवारी दादा पुन्हा उतरला. कोणतं गाणं म्हणायचं हा प्रश्न होता. टिटवी म्हणाली, "गाऊ नका. बोलत राहा. काहीही बोला." मग दादाने खाली जाऊन मळेवाल्याच्या चिंगूसपणाबद्दल जे तोंड सोडलं ते थांबेचना. मळेवाला काठावर उभा राहून सगळं ऐकत होता आणि त्याला गप्प बस म्हणायची सोय नव्हती. मला हसू आवरेना. दोर मी धरला होता, माझ्यामागे टिटवी, कान टवकारून. तिच्याइतका कान मला कधीच नव्हता.

ऊन वर आलं. दादाने बोलता बोलता दोराला झटका दिला, ओढा म्हणून. मी जोर लावला. तळव्यांचं कातडं सोललेलं होतं, म्हटलं आता जड जाणार. पण दोर सुरुवातीपासूनच हलका आला.

मी मागे वळून बघणार, तेवढ्यात टिटवीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती माझ्याकडे बघत नव्हती. दोराच्या पलीकडे, चाकाजवळच्या रिकाम्या जागेकडे बघून, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाली:

"आजोबा, सरका जरा. बाबांना पाय टेकू द्या."